मेरीच्या कपाळावरचं कुंकू

चाळीस वर्षं होत आली, पण त्या चर्चच्या फळीवर सापडलेले तांबडे तांदूळ मी विसरू शकलेलो नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. ही केस तशी किरकोळ. एक जुनं चित्र चोरीला गेलं आणि ते सापडलं, एवढंच रेकॉर्डवर आहे. रेकॉर्डवर जे नाही ते इथे लिहितो. नावं कुणाचीच देत नाही.

एकोणीसशे ऐंशीचं दशक संपत आलं होतं. न्यू जर्सीत, एडिसनच्या पलीकडच्या एका टाउनशिपमध्ये मी पोलीस डिटेक्टिव्ह होतो. सोलापूरहून मोठ्या भावाकडे आलो तेव्हा इंजिनिअर व्हायचं ठरलं होतं, झालो पोलीस. भावाच्या मित्रमंडळीत 'हा आमचा अमेरिकन हवालदार' अशी माझी ओळख करून दिली जायची आणि सगळे खो खो हसायचे. मीही हसायचो. खात्यात मात्र मी एकटाच भारतीय होतो, त्यामुळे तिथे हसताना जरा जपून हसावं लागे.

मार्च महिन्यातल्या एका बुधवारी दुपारी चर्चच्या फादरांचा फोन आला. बाजूच्या छोट्या वेदीवरचं मेरीमातेचं चित्र गायब होतं. मी आणि माझा सहकारी, एक आयरिश वंशाचा डिटेक्टिव्ह, दहा मिनिटांत तिथे पोचलो. चित्र म्हणजे मांडीवर बाळ घेतलेली मेरी. मूळ चित्र सतराव्या शतकातलं, इटलीतल्या कुठल्याशा मोठ्या चर्चमध्ये आहे. ही त्याची तैलरंगातली नक्कल होती, पण नक्कलही दीडशे वर्षांची. इथल्या पहिल्या इटालियन कुटुंबांनी वर्गणी काढून ती बोटीने आणवली होती. फादर म्हणाले, "विकायला गेलं तर किती येतील ठाऊक नाही. पण इथल्या तीन पिढ्यांचे बाप्तिस्मे त्या चित्रासमोर झालेत."

दार फोडलेलं नव्हतं, खिडक्या आतून बंद होत्या. किल्ल्या दोघांकडे, एक फादर आणि दुसरा चर्चचा केअरटेकर. हा केअरटेकर सत्तरीला टेकलेला इटालियन म्हातारा होता. बावीस वर्षं झाडलोट, रंगरंगोटी, दुरुस्ती सगळं तोच बघायचा आणि चर्चमागच्या एका खोलीत राहायचा. बायको वारलेली, मूलबाळ नाही. टोपी हातात घेऊन तो दारात उभा होता आणि आम्ही काय काय उचलतो ते बघत होता.

चित्राच्या रिकाम्या जागेखाली एक अरुंद लाकडी फळी होती. तिच्या फटीत मला तांदळाचे काही दाणे दिसले. सहकाऱ्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "लग्नाचे." अमेरिकेत नवरा-नवरी चर्चबाहेर आली की लोक त्यांच्यावर तांदूळ उधळतात, तेव्हा चर्चमध्ये तांदूळ सापडणं यात त्याला काहीच वावगं वाटलं नाही. मी दाणे पाकिटात घेतले. ते पांढरे नव्हते, तांबडे होते. बोटाला लाली लागली. या अक्षता होत्या, कुंकू लावलेल्या.

आपलं कुणीतरी इथे येऊन गेलं होतं, हे मला त्याच क्षणी समजलं.

आणि मी म्हणालो, "हो, लग्नाचेच असतील."

असं का म्हणालो ते सांगायला हवं. त्याच सुमारास शेजारच्या शहरात साडी नेसलेल्या, कपाळाला कुंकू लावणाऱ्या बायकांना रस्त्यात शिव्या खाव्या लागत होत्या. घरांच्या काचा फुटत होत्या. आमच्या टाउनशिपमध्ये मराठी घरं पंधरा-वीस असतील. 'हिंदूंनी मेरीचं चित्र पळवलं' एवढी एक ओळ स्थानिक पेपरात आली असती तर काय झालं असतं, याची मला पुरेपूर कल्पना होती. म्हणून रिपोर्टमध्ये मी 'तांदळाचे दाणे' एवढेच दोन शब्द लिहिले. रंग लिहिला नाही. पाकीट माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये राहिलं.

दोन दिवसांनी टिप आली. चर्चसमोर राहणाऱ्या एका बाईचा फोन होता. बुधवारी पहाटे कुत्र्याला फिरवताना तिने केअरटेकरला ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली मोठी चपटी वस्तू आपल्या ट्रकमध्ये ठेवताना पाहिलं होतं. झालं, केस संपल्यासारखीच होती. कॅप्टनने म्हाताऱ्याला बोलावून घेतलं. त्याचे हक्क वाचून दाखवले, वकील हवा का विचारलं. नको म्हणाला.

तीन तास सहकाऱ्याने प्रश्न विचारले. म्हाताऱ्याचं एकच उत्तर होतं.

"मी चोरलं नाही."

"ट्रकमध्ये काय ठेवलंस?"

"मी चोरलं नाही."

मी कोपऱ्यात बसून बघत होतो. चौकशीच्या खोलीत खोटं बोलणारा माणूस जास्त बोलतो, हा माझा अनुभव. जो एकच वाक्य धरून बसतो, त्याला बहुतेक वेळा चोरीपेक्षा दुसऱ्याच कशाची तरी लाज वाटत असते. पण अनुभव कोर्टात चालत नाही. चर्चच्या कमिटीने त्याला कामावरून दूर केलं आणि खोली रिकामी करायला सांगितली. तो बहिणीच्या बेसमेंटमध्ये राहायला गेला. ज्या लोकांच्या मुलांच्या बाप्तिस्म्याला त्याने पाण्याचं भांडं भरून ठेवलं होतं, ते लोक दुकानात त्याला बघून रांग बदलू लागले. प्रॉसिक्यूटर, म्हणजे सरकारी वकील, चोरीचा आरोप ठेवायच्या तयारीत होता. चित्र मिळालं नाही तरी चालेल, म्हणाला, साक्षीदार आहे.

माझी झोप उडाली होती. एके संध्याकाळी बायकोने विचारलं, "तुमचं काय बिनसलंय सध्या?" मी सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, थांबली. म्हणाली, "अहो, मंडळाच्या कार्यक्रमात त्या माहीमच्या काकू नाही का सांगत होत्या, 'इथेही आपली मोतमावली आहे' म्हणून? मला विचारायचं तरी!"

वांद्र्याची मोतमावली, म्हणजे माउंट मेरी, मुंबईकरांना सांगायला नको. तिला नवस बोलणाऱ्यांत हिंदू बायका काही कमी नसतात. मी बायकोला विचारलं नव्हतं, कारण मला उत्तर नकोच होतं. पण आता ते मिळालं होतं आणि दुसरीकडे एका म्हाताऱ्याचं घर आणि अब्रू जात होती. तोंड बंद ठेवायला आता मला कुठलंही कारण उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्रॉवरमधलं पाकीट कॅप्टनच्या टेबलावर ठेवलं आणि काय आहे ते सांगितलं. चोरी होऊन त्या दिवशी नऊ दिवस झाले होते.

कॅप्टन शांत माणूस होता. त्याने पाकिटावरची तारीख वाचली.

"हे पहिल्या दिवशी तुला माहीत होतं?"

"होय सर."

"आणि रिपोर्टमध्ये नाही."

"नाही सर."

"लेखी ताकीद तुझ्या फाइलला लागेल. आता जा आणि ही केस नीट कर. नाही केलीस तर मी तुला ट्रॅफिकला पाठवीन."

मी म्हाताऱ्याला पुन्हा बोलावलं. या वेळी प्रश्न विचारला नाही. कागदावर तांदूळ ओतले आणि म्हणालो, "हे आमच्याकडे देवाला वाहतात. कुणीतरी मेरीची पूजा केली होती. तिच्या कपाळाला लाल टिळाही लागला असणार. तू तो पाहिलास ना?"

म्हातारा तांदळांकडे बघत राहिला. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडू लागला.

मंगळवारी संध्याकाळी चर्च बंद करताना त्याला मेरीच्या कपाळावर आणि बाळाच्या पायांवर लाल डाग दिसले. खाली एक नारळ आणि हिरव्या कापडाची घडी होती, ती त्याने उचलून टाकून दिली. कुणी टवाळ पोरांनी केलं असं त्याला वाटलं. उद्या फादरांना दिसलं तर आपल्यालाच विचारतील, म्हणून तो काचा पुसायचं अमोनियाचं पाणी घेऊन आला आणि पुसायला लागला. कुंकू म्हणजे हळद आणि चुना. त्यावर अमोनिया पडला की ते जात नाही, उलट लाली पसरते. हा पुसतोय आणि मेरीचं कपाळ लाल होत चाललंय. घाबरून त्याने जोरात घासलं, तर लालीबरोबर खालचा रंगही निघाला.

"बावीस वर्षं मी तिच्यावरची धूळ कोंबडीच्या पिसाने झाडत आलो," तो म्हणाला. "आणि एका रात्रीत तिचं कपाळ खरवडलं."

पहाटे चित्र ब्लँकेटमध्ये गुंडाळून तो शेजारच्या गावातल्या एका दुकानदाराकडे घेऊन गेला. जुन्या वस्तू विकायचा आणि चित्रांच्या फ्रेमा करायचा त्याचा धंदा. दुकानदार म्हणाला, दोन दिवसांत दुरुस्त करून देतो. म्हाताऱ्याने पावती मागितली नाही. त्याला वाटलं, दोन दिवस फादरांच्या लक्षात येणार नाही. फादरांच्या लक्षात दुपारीच आलं. त्यांनी विचारलं तेव्हा हा भीतीने 'माहीत नाही' म्हणून बसला आणि मग पोलीस आले. शुक्रवारी चित्र आणायला गेला तर दुकानदार म्हणाला, "कुठलं चित्र? तू कोण?" त्याने पेपरात चोरीची बातमी वाचली होती. एकदा खोटं बोललेल्या माणसाचं कोण ऐकणार, हे त्याने बरोबर ओळखलं होतं.

मी त्याच दिवशी गिऱ्हाइकासारखा दुकानात गेलो. मागच्या भिंतीला एक मेरी टेकवून ठेवलेली होती. चकचकीत नवी सोनेरी फ्रेम, कपाळ स्वच्छ. दुकानदार मोकळेपणाने म्हणाला, "सहा वर्षांपूर्वी फिलाडेल्फियात एका घरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथून घेतलं. असल्या नकला शेकड्यांनी झाल्यात, मिस्टर. जुन्या काळी इटलीला जाणारा प्रत्येक जण एक घेऊन यायचा."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं आणि तिथेच खरी अडचण होती. एखादं अस्सल चित्र असतं तर एकच असतं. नकलेची ओळख कशी पटवायची? चर्चकडे तिचा नीट फोटोही नव्हता. होते ते लग्नाचे, मेरी मागे धूसर. फादरांना घेऊन गेलो तर ते बराच वेळ बघून म्हणाले, "आमची इतकी काळपट होती. ही फार उजळ आहे. मला शपथेवर सांगता येणार नाही." दुकानदाराने जुनं वार्निश काढून टाकलं होतं. म्हातारा छातीवर हात ठेवून 'हीच' म्हणत होता, पण संशयिताच्या शब्दावर कुठला न्यायाधीश वॉरंट देणार?

ट्रॅफिकची धमकी एकीकडे, पण आता मला कुणी केसवरून काढलं असतं तरी मी सोडली नसती. उरल्या होत्या काकू.

त्यांचा मुलगा इंजिनिअर. दार त्यानेच उघडलं, माझा बिल्ला पाहिला आणि पांढराफटक पडला. त्याची बायको हॉस्पिटलमध्ये होती. सातव्या महिन्यात बाळंत झालेली, बाळ काचेच्या पेटीत. काकू सूनबाईच्या बाळंतपणासाठी माहीमहून आल्या होत्या. माझं बोलणं ऐकून मुलगा आईकडे वळला.

"आई, तू चर्चमध्ये जाऊन कुंकू लावलंस? यू शुड हॅव टोल्ड मी! माझं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे, तुला कळतंय का? साहेब, आईचं नाव पेपरला जाणार का?"

"तू जरा गप्प बस," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "कुठले हो तुम्ही मूळचे?"

"सोलापूरचा, काकू."

"मग तुला काय सांगायचं. बाळ एवढंसं, मुठीएवढं. डॉक्टर म्हणे, वुई विल सी. मी म्हटलं, बघा तुम्ही, मी माझ्या परीने बघते. मंगळवार होता. बसने गेले, ओटी भरली, कुंकू लावलं. मोतमावलीला नवस बोलतो तसा बोलले. यात चोरी कसली आली?"

मी त्यांना म्हाताऱ्याचं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"माझ्यामुळे त्या माणसाचं घर गेलं?"

"काकू, दुकानातलं ते चित्र चर्चमधलंच आहे हे सिद्ध करता आलं तर त्याचं सगळं परत मिळेल. तुम्ही तिथे अजून काही ठेवलं होतं का? आठवा."

काकू पदराशी चाळा करत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "आहे. पण ते सांगायचं नसतं. नवस फिटेपर्यंत हलवायचंही नसतं."

मुलगा काही बोलणार होता, मी त्याला हातानेच थांबवलं. चौकशीत काही वेळा घाई केली की सगळं हातचं जातं. भिंतीवर मुंबईहून आणलेलं तारखांच्या पानांचं कॅलेंडर होतं, रोज एक पान फाडायचं तसलं.

"कुंकू आणि अक्षता घेऊन एक पुडी बांधली," काकू हळूच म्हणाल्या. "त्याच दिवशीचं पान फाडलं या कॅलेंडरचं, त्यात बांधली. फोटो भिंतीपासून जरा सुटलेला होता. मागे हात घातला आणि कापड आणि खालची लाकडी पट्टी यांच्या मधे खोल सारून ठेवली. चपटीच होती, कुणाला दिसायची नाही. बाळ घरी आलं की काढायची होती."

"बाळ अजून घरी आलेलं नाही, आई," मुलगा म्हणाला. इतका वेळ ग्रीन कार्डाची काळजी करणारा माणूस एकाएकी नुसता बाप झाला.

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि ठामपणे म्हणाल्या, "काढ ती पुडी. एका म्हाताऱ्याला बेघर करून माझा नातू घरी यायला नको. देवीला काय सांगायचं ते मी सांगते."

मी नोकरीत शेकडो जबाब घेतले. इतक्या मोलाचा जबाब मला दुसऱ्या कुणी दिला नाही.

न्यायाधीशाने जबाब दोनदा वाचला. नेमकी वस्तू, नेमकी जागा, म्हणून वॉरंट मिळालं. दुसऱ्या दिवशी दुकानदार आणि त्याचा वकील यांच्यासमोर चित्र टेबलावर पालथं घातलं. मागे नवाकोरा तपकिरी कागद चिकटवलेला होता. दुकानदाराने समोरून मेरीचं रूप पालटलं होतं, पण मागे घाईघाईत फक्त कागद लावून टाकला होता. चित्रदुरुस्तीच्या एका तज्ज्ञ बाईंना बोलावलं होतं, त्यांनी तो कापला, खालची पट्टी पातळ चिमट्याने जरा उचलली. पुडी बाहेर आली. कुंकवाने डागळलेलं, देवनागरीत छापलेलं तारखेचं पान.

मी ते वाचू शकत होतो, पण तपास अधिकारीच दुभाषा कसा होणार? म्हणून जवळच्या विद्यापीठातून पुण्याचा एक संशोधक विद्यार्थी बोलावला होता. बिचारा घाबरत घाबरत वार, तारीख, महिना, साल वाचू लागला. साल त्याच वर्षीचं होतं. चोरीच्या आदल्या दिवसाचा मंगळवार.

"खाली अजून काही लिहिलंय," वकील म्हणाला. "सगळं वाच."

विद्यार्थ्याने माझ्याकडे पाहिलं. मग वाचलं, "आजचा दिवस, दुपारनंतर शुभ."

सहा वर्षांपूर्वी फिलाडेल्फियात घेतलेल्या चित्रात तीन आठवड्यांपूर्वीचं मुंबईचं पान कसं आलं, असं मी दुकानदाराला विचारलं. वकिलाने त्याला बाहेर नेलं. परत आला तेव्हा तो कबुली द्यायला तयार होता.

काकूंचं नाव पेपरात आलं नाही. 'एका भाविक महिलेच्या माहितीवरून' एवढंच आलं. फादरांनी चर्चमध्ये सगळ्यांसमोर म्हाताऱ्याची माफी मागितली. त्याला खोली परत मिळाली, काम परत मिळालं. चित्र त्याच्या जागी लागलं. एप्रिल संपता संपता बाळ घरी आलं, आणि काकू फक्त फुलं घेऊन चर्चमध्ये गेल्या. आधी फादरांना विचारून, हे वेगळं सांगायला नको.

पुढे नव्या डिटेक्टिव्हना शिकवायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी त्यांना एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगत असे. घटनास्थळी जे फक्त तुम्हालाच ओळखू येतं, ते रिपोर्टच्या पहिल्या ओळीत लिहा. आपल्या माणसांना सांभाळायची इच्छा चांगली असते, पण तिची किंमत नेहमी तिसराच कुणीतरी देतो, आणि बहुधा तो माणूस गप्प बसणारा असतो. पोरं ते वहीत लिहून घेत. हे मी कुठून शिकलो ते मात्र मी त्यांना कधी सांगितलं नाही.

केस बंद झाल्यावर कागदांवर सही घ्यायला मी म्हाताऱ्याच्या खोलीवर गेलो होतो. त्याने कॉफी केली. सही केली. मग विचारलं, "कॅप्टन म्हणाला, ते तांदूळ काय आहेत हे तुला पहिल्याच दिवशी माहीत होतं. खरं का?"

"खरं आहे," मी म्हणालो.

"मग का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली. माझ्या लोकांसाठी." आणि मी त्याची माफी मागितली. ती मी मनापासून मागितली होती.

त्याने मान हलवली. रागावलेला दिसला नाही. माझ्या कपात आणखी थोडी कॉफी ओतली आणि म्हणाला, "भीती मलाही वाटली होती. पण माझ्याकडे बिल्ला नव्हता."